खेळाडूचें उत्तरायुष्य

दर वर्षीं आपल्या या वार्षिक अंकांत क्रीडाविभागाचें एक छायाचित्र छापलें जातें. मध्यभागीं ढाल, तिच्या दोहों बाजूंस खेळाडू, मागें उभे असलेले शिक्षक आणि पुढें मातीवर मांडी घालून बसलेलीं दोन लहान मुलें. जुने अंक चाळतांना प्रस्तुत लेखकाची नजर या चित्रांवर अधिक वेळ रेंगाळते. चित्रांतील ढाल अजून कार्यालयाच्या कपाटांत आहे. फडक्यानें पुसली कीं ती पूर्वींसारखीच चमकते. पण तिच्याभोंवतीं उभे असलेले ते खेळाडू आज कोठें आहेत, काय करितात, त्यांचे दिवस कसे जातात, असें विचारलें तर उत्तर देणारा क्वचितच भेटतो. ढालींचा हिशेब आपण ठेवतों. माणसांचा ठेवीत नाहीं. जी गोष्ट शाळेची, तीच राष्ट्राची आणि तीच साऱ्या जगाची आहे. तिच्याविषयीं चार शब्द लिहावे, एवढाच या लेखाचा हेतु.

खेळाडूचें आयुष्य इतरांच्या आयुष्याहून एका बाबतींत अगदीं निराळें असतें. वकील, वैद्य किंवा शिक्षक आपल्या धंद्यांत जसजसा जुना होतो, तसतशी त्याची किंमत वाढते. खेळाडूची गोष्ट याच्या उलट आहे. पस्तिशीच्या सुमारास फुटबॉलपटूचे पाय जड होऊं लागतात. मल्लाची उमेद तर बहुधा त्याच्याही आधीं ओसरते. ज्या वयांत इतरांच्या संसारास व व्यवसायास नुकता कोठें रंग भरूं लागतो, त्याच वयांत याचा व्यवसाय संपतो. कालपर्यंत ज्याच्या नांवाचा हजारों कंठांतून गजर होत होता, त्यास एका सकाळीं उठून स्वतःलाच विचारावें लागतें कीं, आतां करावयाचें काय? आणि पुढें तीस-चाळीस वर्षें शिल्लक असतात. त्याच्या चरित्राचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून लांब असतो. परंतु वर्तमानपत्रें पूर्वार्धाशींच थांबतात.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. खेळाडूचें उत्तरायुष्य केवळ पैशानें सावरत नाहीं, आणि सत्कारानेंही सावरत नाहीं. तें कामानें सावरतें. ज्याच्या हातीं असें एखादें काम असतें कीं, त्यासाठीं हा माणूस आपणांस हवा आहे असें चार लोकांस मनापासून वाटतें, तो तरतो. ज्याच्यापाशीं असें काम नसतें, तो पदकांच्या राशीवर बसूनही बुडतो. हें म्हणणें खरें कीं खोटें, तें आपण प्रत्यक्ष उदाहरणांवरून ताडून पाहूं.

फुटबॉल आपल्या मैदानावर रोज सायंकाळीं खेळला जातो, आणि युरोपांतील नामांकित खेळाडूंचीं नांवें आपल्या विद्यार्थ्यांस पाढ्यांप्रमाणें पाठ असतात. म्हणून प्रारंभ तेथूनच करूं. ३० जुलै १९६६ रोजीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडनें पश्चिम जर्मनीस ४-२ असें हरवून विश्वचषक जिंकला. राणी एलिझाबेथ यांच्या हस्तें तो चषक स्वीकारणारा कर्णधार बॉबी मूर. त्या क्षणीं त्या देशांत त्याच्याहून लाडका माणूस क्वचितच कोणी असेल. पुढें खेळ संपला. ऑक्सफर्ड सिटी व साऊथेंड युनायटेड अशा लहान संघांना त्यानें मार्गदर्शन केलें. पण ज्या देशास त्यानें विश्वचषक मिळवून दिला, त्या देशाच्या फुटबॉल संघटनेनें त्यास आपल्या कामांत महत्त्वाची अशी जागा कधीं दिली नाहीं. नभोवाणीवर इतरांच्या सामन्यांचें समालोचन करीत त्याचीं अखेरचीं वर्षें गेलीं. २४ फेब्रुवारी १९९३ रोजीं, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षीं, कर्करोगानें त्याचें निधन झालें. नवें वेम्ब्ली मैदान बांधून झाल्यावर २००७ सालीं त्याच्या दारापुढें मूरचा भव्य पुतळा उभारण्यांत आला. जिवंतपणीं खुर्ची दिली नाहीं, आणि गेल्यावर चौथरा दिला!

त्याच विजयी संघांत रे विल्सन नांवाचा बचावफळीचा खेळाडू होता. खेळ सोडल्यावर त्यानें हडर्सफील्ड येथें अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय धरला. विश्वविजेत्या संघाचा खेळाडू मृतांच्या पेट्या वाहतो, हें ऐकून कोणास हळहळ वाटेल. कोणी त्यास अधोगतीही म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. ज्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे, त्या घरीं शांतपणें जाऊन सर्व व्यवस्था नीट लावून देणारा माणूस लोकांस हवा असतो. विल्सन तो झाला, वर्षानुवर्षें त्यानें तें काम केलें, आणि २०१८ सालीं दीर्घायुषी होऊन तो गेला. मूरची कीर्ति विल्सनहून पुष्कळ मोठी. परंतु कीर्तीच्या मागून लागणारें नित्याचें काम विल्सनच्या हातीं होतें.

पैशाविषयीं म्हणाल तर जॉर्ज बेस्टचें उदाहरण पाहा. उत्तर आयर्लंडचा हा खेळाडू चेंडू घेऊन निघाला म्हणजे जणूं चेंडूच त्याच्या पायांची आज्ञा पाळीत असे. १९६८ सालीं मँचेस्टर युनायटेडनें युरोपचा चषक जिंकला, आणि त्याच वर्षीं युरोपांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मानही त्यास मिळाला. तेव्हां तो बावीस वर्षांचा होता. पैसा, रूप, कीर्ति, कशाचीच वाण नव्हती. परंतु सत्तावीस वर्षांचा होतो न होतो तोंच त्यानें तो मोठा संघ सोडला, आणि पुढील आयुष्य मद्यानें पोखरलें. २००२ सालीं यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. तीही त्यास फार काळ वांचवूं शकली नाहीं. २५ नोव्हेंबर २००५ रोजीं, एकोणसाठाव्या वर्षीं, तो गेला. त्यास अखेरचा निरोप देण्यास बेलफास्ट येथें अफाट जनसमुदाय लोटला होता. त्या गर्दींतील प्रत्येकाचें त्याच्यावर प्रेम होतें, यांत शंका नाहीं; पण प्रेम हें काम नव्हे.

याच्या शेजारीं जर्मनीचा गेर्ड म्युलर उभा करा. राष्ट्रासाठीं ६२ सामने आणि त्यांत ६८ गोल. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत विजयाचा गोल यानेंच केला. खेळ संपल्यावर यासही मद्यानें गांठलें. येथपर्यंत दोघांची वाट एकच. परंतु पुढें फांटा फुटला. बायर्न म्युनिक या त्याच्या जुन्या संघांतील सोबत्यांनीं त्यास उपचार घेण्यास भाग पाडलें, आणि तो बरा होऊन आल्यावर त्यास नुसता हार घालून घरीं पाठविलें नाहीं. संघाच्या तरुण मुलांस शिकविण्याचें काम दिलें. तें काम त्यानें पुढें अनेक वर्षें निष्ठेनें केलें. वृद्धपणीं स्मृतिभ्रंशानें त्यास ग्रासलें व २०२१ सालीं तो वारला. पण मधलीं तीं सारीं वर्षें त्यानें मानानें काढलीं. बेस्टच्या आणि त्याच्या स्वभावांत अंतर असेल, नशिबांतही असेल. तथापि एक अंतर डोळ्यांस स्पष्ट दिसतें : म्युलरला रोज सकाळीं जाण्यासाठीं एक मैदान होतें, आणि तेथें त्याची वाट पाहणारीं मुलें होतीं.

परदेशची ही कथा ऐकून आपल्याकडे काय घडलें, हें पाहण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. आपल्या प्रांताचा जुना आणि खरा लोकप्रिय खेळ कुस्ती. तेव्हां आपलीं उदाहरणें आखाड्यांतच शोधलीं पाहिजेत. कराडजवळील गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गांवोगांवच्या लोकांनींही यथाशक्ति मदत केली. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें ऑलिंपिकमधील तें पहिलें वैयक्तिक पदक. त्यानंतर दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पुढें? १९५५ सालीं ते पोलिसखात्यांत उपनिरीक्षक म्हणून लागले, सुमारें सत्तावीस वर्षें त्यांनीं नोकरी केली, आणि निवृत्तिवेतनासाठीं त्यांस झगडावें लागलें. १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मरणानंतर, पुरती पंधरा-सोळा वर्षें उलटून गेल्यावर. दिल्लीच्या कुस्तीच्या भव्य क्रीडागृहास २०१० सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. वेम्ब्लीचा पुतळा आणि दिल्लीचें हें नांव, दोन्ही एकाच जातीचीं आहेत. दोन्हींत आदर आहे, आणि दोन्हींत उशीर आहे.

खाशाबांस नोकरी होती, हें खरें. आणि ती त्यांनीं इमानानें केली. परंतु हेलसिंकीच्या गादीवर त्यांनीं जें ज्ञान मिळविलें होतें, जें त्या वेळीं या देशांत दुसऱ्या कोणापाशीं नव्हतें, तें पुढील पिढीच्या अंगीं उतरविण्याची कायमची सोय आपण केली नाहीं. पुढच्या वैयक्तिक पदकास चव्वेचाळीस वर्षें लागलीं, याचीं कारणें अनेक असतील. पण मिळालेली ठिणगी जपून न ठेवणें हें त्यांतील एक असावें, असें मला प्रामाणिकपणें वाटतें. खेळाडूस काम न देण्यांत नुकसान केवळ त्याचें होत नाहीं. आपलें त्याहून अधिक होतें.

आतां आपल्या घरचें उदाहरण. लातूर जिल्ह्यांत निलंगा तालुक्यांत रामलिंग मुदगड नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें १९५० सालीं हरिश्चंद्र बिराजदार यांचा जन्म झाला. त्या काळीं मराठवाड्यांतील पोरास मोठा मल्ल व्हावयाचें म्हणजे घर सोडून कोल्हापूरची वाट धरावी लागे. ती त्यांनीं धरली. १९६९ सालीं ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक जिंकलें. रुस्तुम-ए-हिंद हा किताबही मिळविला. १९७७ सालीं बेळगांव येथें दिल्लीच्या सतपालशीं त्यांची जी कुस्ती झाली, तिचें वर्णन आमच्या भागांतील वृद्ध माणसें अजून पारावर बसून करितात. सतपाल वयानें लहान, बळानें भारी, आणि त्या दिवसांत सर्वत्र गाजत असलेला. बिराजदारांनीं त्यास हरविलें. एखाद्या मल्लाच्या चरित्राचा शेवट करावयाचा तर याहून सुंदर प्रसंग सांपडणार नाहीं.

परंतु त्यांच्या चरित्राचा अर्धा भाग पुढेंच आहे. आखाड्यांतून उतरल्यावर बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत वस्ताद झाले. स्वतः लढणें आणि दुसऱ्यास लढण्यास तयार करणें, या दोन विद्या भिन्न आहेत. पहिलींत माणूस स्वतःकडे पाहतो, दुसरींत त्यास स्वतःला विसरावें लागतें. पहांटे उठून पोरांकडून जोर-बैठका काढून घेणें, माती खणून घेणें, कोणाचा खुराक कमी पडतो, कोणाचे पैसे घरून आले नाहींत, कोणाचें मन गांवाकडे ओढ घेत आहे, याचा तपास ठेवणें, हें सारें वस्तादाच्या कामांत मोडतें. या कामास टाळ्या नसतात. बिराजदारांनीं तें आयुष्याच्या अखेरपर्यंत केलें. सप्टेंबर २०११ मध्यें पुणें येथें त्यांचें देहावसान झालें.

त्या तालमीच्या मातींत काय पिकलें, तें पाहा. लातूर जिल्ह्याचेच काका पवार त्यांच्या हाताखालीं घडले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले, आणि खेळ संपल्यावर त्यांनींही पुण्यांत स्वतःची तालीम उभी केली. बीड जिल्ह्यांतील राहुल आवारे हा मुलगाही बिराजदारांकडे आला. वस्ताद गेल्यावर काका पवारांनीं त्यास पुढें शिकविलें. २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांत गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल स्पर्धेंत राहुलनें सुवर्णपदक जिंकलें, आणि तें आपल्या दिवंगत गुरूस अर्पण केलें. एडिंबरोचें सोनें आणि गोल्ड कोस्टचें सोनें यांच्यामध्यें अठ्ठेचाळीस वर्षांचें अंतर आहे. तें अंतर एका माणसाच्या उत्तरायुष्यानें भरून काढलें. जानेवारी २०२० मध्यें महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली, तेव्हां समोरासमोर उभे होते नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्याच तालमींतले. हर्षवर्धन जिंकला, आणि जिंकतांच त्यानें हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलें. गुरूनें डाव तर शिकविलेच होते. पण त्याहून मोठें कांहीं शिकविलें होतें, याचा पुरावा त्या दिवशीं सर्वांनीं पाहिला.

आणि बेळगांवीं हरलेल्या सतपालचें पुढें काय झालें? १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें, आणि मग दिल्लीच्या छत्रसाल क्रीडांगणांत तेही मुलांस शिकवूं लागले. ऑलिंपिक पदकें जिंकणारे सुशीलकुमार व योगेश्वर दत्त त्यांच्याच आखाड्यांतून निघाले. त्या एका कुस्तींत जिंकलेला आणि हरलेला, दोघेही पुढें गुरु झाले. १९७७ सालचा निकाल आज केवळ आठवणींत आहे. दोघांनीं पुढें केलेलें काम मात्र अद्याप चालू आहे.

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, सर्वच मल्ल वस्ताद कसे होतील? शंभर शिकणाऱ्यांमागें शिकविणारा एक पुरे. उरलेल्या नव्व्याण्णवांनीं काय करावें? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मीं वर रे विल्सनचें नांव घेतलें. काम म्हणजे खेळांतीलच काम, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. शेती, दुकान, यंत्रशाळा, पोलिस, शाळा, कोठेंही असो. परंतु तें काम करण्याची विद्या त्यानें खेळत असतांनाच मिळविलेली असली पाहिजे. खेळ संपल्यावर विद्या शोधूं लागणें म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणण्यास कुदळ मागणें होय. जर्मनीचा फ्रिट्झ वाल्टर, ज्याच्या नेतृत्वाखालीं १९५४ सालीं बर्न येथें हंगेरीचा पराभव झाला, तो पुढें तुरुंगांतून जाऊन बंदिवानांशीं बोलत असे, त्यांस धीर देत असे. तेथें ना चेंडू, ना गोल. केवळ एक माणूस, ज्याचें बोलणें ऐकण्यास दुसरीं माणसें तयार होतीं. कीर्तीचा असाही उपयोग करतां येतो.

शरीराच्या ऋणाचाही येथें उल्लेख केला पाहिजे. खेळाडू आपल्या आनंदासाठीं जें शरीर झिजवितो, त्याचा हिशेब उतारवयांत होतो. ग्लासगो विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. मेंदूचा ऱ्हास करणाऱ्या रोगांनीं मृत्यु येण्याचें प्रमाण त्यांच्यांत सामान्य लोकांच्या सुमारें साडेतीन पट आढळलें. त्यानंतर, २०२० सालीं, इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथें प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांस सरावांत डोक्यानें चेंडू मारूं देऊं नये असें ठरविण्यांत आलें. आपल्या मल्लांची व्यथा निराळी : मेहनत सुटते, पण खुराकाची संवय सुटत नाहीं, मग तेंच पोसलेलें शरीर वैरी होतें. हें सर्व त्यांस वेळींच सांगणारा कोणी हवा, आणि आजारपणीं विचारपूस करणाराही हवा. महाराष्ट्र शासन वृद्ध मल्लांस मासिक मानधन देतें, ही गोष्ट चांगली आहे. पण मानधन पोष्टानें किंवा बँकेंतून येतें, माणूस मात्र स्वतःच्या पायांनीं यावा लागतो.

आतां नांदेड व लातूर या आपल्या दोन शहरांकडे वळूं. माळेगांवच्या खंडोबाची यात्रा असो कीं लातूरच्या सिद्धेश्वराची, कुस्त्यांची दंगल तेथें ठरलेलीच. हलगी कडाडते, लहान पोरांच्या कुस्त्या नारळावर किंवा रेवड्यांवर लागतात, आणि सायंकाळीं मानाची कुस्ती होते. नांदेडांत श्रीगुरु गोविंदसिंघजींच्या नांवानें अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, तेव्हां मैदानाच्या कडेनें आबालवृद्धांची दाटी होते. अशा प्रसंगीं एखाद्या जुन्या खेळाडूस मंचावर बोलावून फेटा बांधतात, नारळ देतात, छायाचित्र काढतात. दुसऱ्या दिवशीं मंडप उतरतो आणि त्याबरोबर आठवणही उतरते. फेट्यानें डोकें झांकतें. दिवस भरत नाहीं.

दुसऱ्या बाजूस आपल्या शहरांची कीर्ति अभ्यासाविषयीं आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्रांत रूढ झाला, आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं दूरदूरच्या गांवांतून मुलें लातुरांत व नांदेडांत येऊन राहतात. या कीर्तीचा मला अभिमान आहे. परंतु तिची एक किंमत आपण चुकवीत आहों. मुलगा नववींतून दहावींत गेला कीं घरचे लोक प्रथम त्याचा चेंडू माळ्यावर टाकतात. उलट ज्या एखाद्या मुलास जिल्ह्याचें किंवा विभागाचें पदक मिळतें, तो स्वतःच पुस्तकें माळ्यावर टाकतो. दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही आयुष्याचा एकच अर्धा भाग पाहतात. पहिल्यास पुढें वैद्य होऊन खुर्चींत बसावयाचें आहे, पण तें शरीर कोणत्या बळावर चालावयाचें, याचा विचार नाहीं. दुसऱ्यास आज धांवावयाचें आहे, पण पाय थांबल्यावर काय, याचा विचार नाहीं.

याबाबतींत शाळांचें कर्तव्य काय, हें सांगून हा लेख पुरा करितों. पहिली गोष्ट अशी कीं, सामन्यांसाठीं बाहेरगांवीं गेलेल्या विद्यार्थ्याचे जे पाठ बुडतात, ते भरून देण्याची जबाबदारी शाळेनें आपल्याकडे घ्यावी. ढाल शाळेच्या कपाटांत राहावी आणि बुडालेलें गणित मुलाच्या माथीं राहावें, हा न्याय नव्हे. दुसरी गोष्ट, प्रत्येक शाळेनें आपल्या जुन्या खेळाडूंची एक वही ठेवावी : नांव, खेळ, सध्यां काय करितात, कोणास अडचण आहे. ही वही ढालीच्या शेजारीं, त्याच कपाटांत असावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, गांवांतील जुन्या मल्लास, हॉकीपटूस, फुटबॉलपटूस वर्षांतून एकदां फेटा बांधण्याऐवजीं आठवड्यांतून दोन सायंकाळीं मैदानावर बोलवावें, त्याच्या हातीं वीस मुलें द्यावीं, आणि त्या कामाचा योग्य मोबदला द्यावा. खर्च फारसा नाहीं. एका मोठ्या सत्कारसमारंभाच्या मंडपावर जें जातें, तेवढ्यांत अशा अनेक सायंकाळा निघतील. आपल्या शाळेनें हा प्रयोग येत्या वर्षापासून करावा, अशी माझी चालकांस नम्र विनंति आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एकच सांगणें. खेळा, आणि मन लावून खेळा. ज्या मुलानें मैदानावर कधीं हार खाल्ली नाहीं, त्यास पुढें जगांत हार पचविणें जड जातें. परंतु खेळतांना डोळ्यांपुढें केवळ वेम्ब्लीचा बॉबी मूर ठेवूं नका. त्याच्या शेजारीं पुण्याच्या तालमींत पहांटे मातींत उभे असलेले, निलंगा तालुक्यांतून आलेले ते वृद्ध वस्तादही ठेवा. तुमच्यांपैकीं कोणी मोठा खेळाडू होईल, कोणी होणार नाहीं. पण तुमच्या गल्लींत, तुमच्या गांवांत कोणीतरी जुना खेळाडू आज सायंकाळीं ओट्यावर एकटाच बसला असेल. त्याच्याकडे जा, आणि त्यास एखादा डाव विचारा. तुम्हांस डाव मिळेल. त्यास काम मिळेल. पुढील वर्षीं आपल्या अंकांत ढालीचें छायाचित्र छापलें जाईल, तेव्हां त्यांत तोही उभा असावा, एवढीच इच्छा आहे.